लॅसिकच्या जाहिरातीत डिस्काउंट दिसतो, तपासणी दिसत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लग्नसराई जवळ आली की आपल्या पेपरात चष्म्याला कायमचा रामराम ठोका छापाच्या जाहिराती सुरू होतात, अर्ध्या अर्ध्या पानाच्या, एक हसरी मुलगी चष्मा काढून हातात धरून उभी आणि खाली तपासणी मोफत, ऑपरेशन काही मिनिटांत, दुसऱ्या दिवशी कामावर हजर, वर ईएमआयची सोय. यात खोटं असं काही नाही. लॅसिकच्या, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवायच्या ऑपरेशनच्या, लेझरला खरंच काही सेकंद ते मिनिटच लागतात आणि बहुतेकांना दुसऱ्या दिवशी बऱ्यापैकी स्वच्छ दिसायला लागतं. माझी तक्रार वेगळीच आहे. या सगळ्या प्रकरणात जे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, म्हणजे हा डोळा लेझरला चालेल की नाही हे ठरवणं, तेच ऑफरबरोबर फुकट मिळणाऱ्या वस्तूसारखं एका कोपऱ्यात छापलेलं असतं. आणि लोकही मग ते तसंच घेतात.

आधीच सांगतो, मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणारा, आहे आणि सांगलीत माझं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे हा माणूस लॅसिकच्या विरोधात बोलणारच असं कुणाला वाटलं तर त्याला माझा इलाज नाही. पण माझ्या सख्ख्या भाचीचं लॅसिक झालंय, मीच पाठवलं होतं तिला, आणि ती आज चष्म्याशिवाय मजेत गाडी चालवते. ऑपरेशन चांगलंच आहे. फक्त ते सगळ्यांसाठी नाही, आणि कुणासाठी नाही हे काउंटरवर बसलेल्या काउन्सेलरला फोनवर कळत नाही.

मागे एक इंजिनिअरिंगचा पोरगा आईला घेऊन दुकानात आला. म्हणाला, काका शनिवारचं बुकिंग आहे, अॅडव्हान्स भरलाय, फक्त आत्ताचा नंबर एकदा क्रॉसचेक करून द्या. जुनं कार्ड बघितलं तर सिलिंडरचा नंबर दीड वर्षापूर्वी सव्वा होता, आता पावणेतीनच्या पुढे गेलेला आणि तरी शेवटच्या ओळी काही केल्या वाचता येत नव्हत्या. बोलता बोलता सारखा मुठीने डोळे चोळत होता, धुळीची अॅलर्जी आहे म्हणाला. रेटिनोस्कोपने डोळ्यात उजेड टाकला तर आतून येणारी लाल चमक सरळ एका बाजूला सरकायच्या ऐवजी मधूनच फाटत होती, दोन पाती उघडतात मिटतात तशी. आमच्या धंद्यात याला सिझर रिफ्लेक्स म्हणतात आणि तो दिसला की पहिली शंका केराटोकोनसची घ्यायची असते, म्हणजे कॉर्निया, डोळ्याच्या पुढचा पारदर्शक भाग, एका जागी पातळ होऊन हळूहळू पुढे शंकूसारखा यायला लागतो तो आजार. आई म्हणाल्या, अहो पण तिथं तपासून झालंय, ओके आहे म्हणालेत. काय तपासलं विचारलं तर मशीनवर नंबर काढला आणि कॉर्नियाची जाडी मोजली, बस. जाडी बरी होती म्हणून ओके. त्याला कॉर्नियाच्या डॉक्टरकडे पाठवलं, तिथे मॅपिंग झालं आणि नकाशात खालच्या अर्ध्या भागात लाल डाग अगदी उठून दिसत होता. लेझर रद्द झालं आणि त्याऐवजी सीथ्रीआर करायचं ठरलं, रायबोफ्लेविनचे थेंब टाकून वर अल्ट्राव्हायोलेट उजेड देतात आणि कॉर्निया कडक करतात ते. त्याने चष्मा जात नाही, आजार वाढायचा थांबतो एवढंच. सेंटरचं नाव लिहीत नाही, कदाचित शनिवारी टेबलावर घ्यायच्या आधी तिथेही कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. पण कदाचितवर डोळा ठेवायचा का हा प्रश्न आहे.

असा डोळा लेझरला का चालत नाही ते थोडं सांगतो कारण हे कुणी नीट सांगत नाही. चष्म्याचा मायनस नंबर घालवायचा म्हणजे लेझरने कॉर्निया मधोमध घासून थोडा चपटा करायचा. डोळ्याच्या आत सतत प्रेशर असतं. टायर एका जागी घासून गुळगुळीत झाला की ट्यूब तिथूनच फुगा काढते, तसं पातळ झालेला किंवा मुळातच कमजोर असलेला कॉर्निया आतल्या प्रेशरने पुढे यायला लागतो. याला एक्टेशिया म्हणतात. लॅसिकनंतर असं होऊ शकतं हे थिओ सायलर या डॉक्टरांनी १९९८ साली पहिल्यांदा लिहिलं, त्यानंतर जगभर त्यावर बराच अभ्यास झाला. वाईट गोष्ट अशी की हे लगेच कळत नाही, काही महिन्यांनी कळतं, कधी कधी कित्येक वर्षांनी, तोपर्यंत पेशंट खुश, डॉक्टर खुश, गूगलवर फाइव्ह स्टार देऊन झालेले.

आता हिशोब बघा. साधारण कॉर्निया मधोमध ५२० ते ५४० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. लॅसिकमध्ये आधी वरचा पापुद्रा, त्याला फ्लॅप म्हणतात, तो उचलतात, साधारण ११० मायक्रॉनचा धरा. मग एका नंबरमागे अंदाजे १५ मायक्रॉन घासले जातात, मशीन आणि किती मोठा गोल घासायचा त्याप्रमाणे थोडं कमीजास्त. ५२० ची जाडी आणि नंबर मायनस ६ असेल तर ११० आणि ९० मिळून २०० गेले, खाली ३२० उरले. ठीक आहे. पण ४९० ची जाडी आणि नंबर मायनस ८ असेल तर ११० आणि १२० मिळून २३० जातात, उरतात २६०. आता जुना नियम सांगतो की खाली किमान २५० उरले पाहिजेत, म्हणजे कागदावर हा माणूस पास. पण हल्लीचे बरेच सर्जन ३०० पाहिजेत म्हणतात, शिवाय एकूण जाडीच्या किती टक्क्यांना हात लागला तेही मोजतात, ४० टक्क्यांच्या वर गेलं तर धोका वाढतो असं २०१४ नंतर मानलं जातं, आणि इथे तो आकडा ४७ च्या घरात जातो. म्हणजे एका फुटपट्टीने पास आणि दुसऱ्या फुटपट्टीने नापास. कुठली फुटपट्टी लावली हे पेशंटने विचारायलाच पाहिजे, पण विचारणार कसं, त्याला कुणी आकडेच दिलेले नसतात.

आणि नुसती जाडी पुरत नाही हे त्या पोराच्या केसमध्ये दिसलंच. म्हणून मॅपिंग. पेंटाकॅम किंवा तसल्याच मशीनवर हनुवटी टेकवून बसवतात, निळ्या उजेडाची पट्टी डोळ्यासमोर गोल फिरते, दोनेक सेकंदांत काम होतं, दुखत नाही काही नाही. कागदावर चार रंगीत गोल येतात, पुढचा उतार, पुढचा उंचवटा, मागचा उंचवटा आणि जाडी. आजाराची सुरुवात पुष्कळदा मागच्या बाजूने दिसते, पुढून सगळं गुळगुळीत असतं, त्यामुळे फक्त पुढचा नकाशा काढून भागत नाही. शंका असेल तर काही ठिकाणी हवेचा झोत मारून कॉर्निया किती लवचिक आहे तेही बघतात. कुणाच्या घरात आई, भाऊ, चुलत कुणाला केराटोकोनस आहे का हे तर विचारायला एक पैसा लागत नाही, तरी किती फॉर्मवर हा प्रश्न असतो?

आपल्याकडे तर हे जास्तच बघायला हवं. नागपूरजवळच्या खेड्यांमध्ये ३० वर्षांवरच्या लोकांची मोठी पाहणी झाली होती, २००९ साली ती छापून आली, त्यात २.३ टक्के लोकांमध्ये केराटोकोनस असल्याचं म्हटलंय. त्यांनी कॉर्नियाचा उतार ४८ डायॉप्टर (उतार मोजायचं एकक) किंवा जास्त म्हणजे केराटोकोनस अशी साधी व्याख्या धरलेली, आजच्या मशीनचे नकाशे नव्हते, त्यामुळे आकडा थोडा फुगलेला असू शकतो. पण अर्धा जरी खरा धरला तरी आपल्या गावांतून लॅसिकला जाणाऱ्या पोरांमध्ये हे काही दुर्मिळ नाही, त्यात ऊन, धूळ, अॅलर्जी आणि डोळे चोळायची सवय.

वयाचं पण आहे. जाहिरातीत १८ पूर्ण असलं की या असं असतं. १८ ही कमीत कमी अट झाली, पात्रता नाही. नंबर वर्षभरात अर्ध्याहून जास्त हललेला नसावा असं साधारण धरतात आणि विशीतल्या मुलांचा, त्यातून दिवसभर मोबाईल लॅपटॉपवर असणाऱ्यांचा, नंबर कुठे स्थिर असतो. अमेरिकेतल्या रँडलमन वगैरे डॉक्टरांनी २००८ मध्ये एक्टेशियाच्या धोक्याचं गुणपत्रक काढलं होतं, त्यात नकाशा, उरलेली जाडी, वय, मूळची जाडी आणि नंबर असे पाच विषय, जितके जास्त मार्क तितका धोका जास्त. ४ मार्क झाले की जास्त धोका, आणि १८ ते २१ वयाच्या मुलाला नुसत्या वयाचेच ३ मार्क. आता त्या गुणपत्रकावरही टीका झालीय, पुढे बरीच चांगली साधनं आलीत, पण एवढं तरी कळतं ना की कॉलेजच्या पोराला जाहिरातीतला फोटो बघून घाई करायचं कारण नाही. जुने चष्म्याचे कागद घेऊन जा, दुकानदाराकडे रेकॉर्ड असतं, आम्ही देतो काढून.

काँटॅक्ट लेन्सवाल्यांचं तर विचारूच नका. रविवारपर्यंत लेन्स घालून सोमवारी स्कॅनला जातात. लेन्सने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो, नकाशाही चुकतो आणि नंबरही. सॉफ्ट लेन्स असेल तर एक ते दोन आठवडे आणि आरजीपी कडक लेन्स असेल तर तीन ते चार आठवडे बंद ठेवूनच मापं घ्यायची असतात. पण त्याच दिवशी पुण्याला जाऊन त्याच दिवशी सगळं उरकायचं असतं लोकांना, सुट्टी मिळत नाही हो, आणि सेंटरही नाही म्हणत नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक भानगड बघतोय. लग्न ठरलं की एकाच वेळी पिंपल्सची ट्रीटमेंट आणि डोळ्याचं लेझर दोन्ही सुरू. पिंपल्ससाठी स्किनवाले आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या देतात, त्याने डोळे कोरडे पडतात आणि त्या चालू असताना हे लेझर करू नये असं सांगितलेलं आहे. पण डोळ्याच्या फॉर्मवर गोळ्या चालू आहेत का विचारलं तर मुलगी नाही लिहिते, कारण तिच्या मते पिंपल्सची गोळी म्हणजे काही औषध नाही. समोरासमोर बसून नाव घेऊन विचारलं तरच कळतं. गरोदर असताना, बाळ अंगावर पीत असताना पण थांबायचं असतं, नंबर हलतो. साखर कंट्रोलमध्ये नसेल, संधिवातासारखा ऑटोइम्यून आजार असेल, डोळ्यात पूर्वी नागीण होऊन गेली असेल तर ते सगळं आधी सांगायला पाहिजे.

कोरडेपणा हा विषय तर हसण्यावारी नेतात. पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं अश्रू मोजायचे, डोळ्यात पिवळा रंग टाकून अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो बघायचा, फार काही अवघड नाही. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने लॅसिकच्या पेशंटवर प्राउल (PROWL) नावाचे अभ्यास केले, त्यात ९५ टक्क्यांहून जास्त लोक आपल्या नजरेवर समाधानी निघाले, हे आधी सांगायलाच पाहिजे. पण ज्यांना ऑपरेशनपूर्वी कोरडेपणाचा काही त्रास नव्हता त्यांच्यातल्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत लोकांनी ३ महिन्यांनी कोरडेपणा असल्याचं सांगितलं, आणि ज्यांना आधी दिसण्याच्या तक्रारी नव्हत्या त्यांच्यातल्या ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना किमान एक नवीन तक्रार होती, दिव्यांभोवती वलय, चमक, दोन दोन दिसणं यातलं काहीतरी. रोजची कामंच जड जावीत इतका त्रास असणारे १ टक्क्याच्या आत. म्हणजे घाबरण्यासारखं नाही, पण रात्री ट्रक चालवणाऱ्याला आणि दिवसभर एसीत स्क्रीनसमोर बसणाऱ्याला हे आकडे आधी माहीत पाहिजेत. एफडीएने २०२२ मध्ये तर पेशंटने सही करण्याआधी वाचायच्या चेकलिस्टचा मसुदाच काढला होता. आपल्याकडे काय, इंग्रजीतला संमतीफॉर्म ऑपरेशनच्या दिवशी सकाळी, डोळ्यात थेंब टाकल्यावर, इथे सही करा म्हणून पुढे येतो. सुप्रीम कोर्टाने २००८ च्या समिरा कोहली प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की पेशंटला उपचार, त्यातले धोके आणि दुसरे पर्याय याची पुरेशी माहिती देऊनच संमती घ्यायची. डोळे पुसट झालेल्या माणसाच्या सहीला माहिती देऊन घेतलेली संमती म्हणायचं का, वकील मंडळींनी सांगावं.

चाळिशीच्या पुढच्यांचं वेगळंच. आमचे एक बँकेतले गिऱ्हाईक, मायनस अडीच नंबर, चष्मा डोक्यावर सारून पासबुक आरामात वाचतात. त्यांना पण चष्मा घालवायचा होता. त्यांना म्हटलं साहेब, दूरचा जाईल पण जवळचा येईल, आज तुम्ही फुकट वाचताय, उद्या पेपर वाचायला चष्मा शोधावा लागेल. हे त्यांना फोनवर कुणी बोललंच नव्हतं. एक डोळा दूरचा आणि एक जवळचा ठेवायची पद्धत आहे, पण ती आधी काँटॅक्ट लेन्स लावून काही दिवस जमतेय का बघून मगच करायची.

आणि पडदा. मोठा मायनस नंबर म्हणजे डोळा लांब, आणि लांब डोळ्याचा पडदा कडेला पातळ असतो, त्यात कधी छिद्र असतं. थेंब टाकून बाहुली मोठी करून कडेपर्यंत बघायला वेळ लागतो, पुढचे चार पाच तास उन्हात जाता येत नाही, म्हणून टाळतात दोघंही. लेझरने नंबर शून्य झाला तरी डोळा तेवढाच लांब राहतो. मायनस दहाचा माणूस ऑपरेशननंतर स्वतःला नॉर्मल समजून पडदा दाखवायचाच बंद करतो हे मी कितीदा बघितलंय.

भरतीच्या मुलांना तर हात जोडून सांगतो, आधी जाहिरात नीट वाचा. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटच्या जाहिरातीत चष्मा असलेले आणि लॅसिक केलेले दोन्ही चालत नाहीत असं लिहिलेलं असतं. आमच्या भागात क्लासवालेच पोरांना लॅसिक करून ये म्हणून सांगतात, बाप सोनं गहाण ठेवून पैसे भरतो आणि मेडिकलला पोरगं बाहेर. सैन्यात काही एन्ट्रींना चालतं पण वय, जाडी, किती महिने झाले अशा अटी असतात आणि त्या एन्ट्रीप्रमाणे वेगवेगळ्या आहेत.

हे वाचून कुणी म्हणेल मग काय कुणी करायचंच नाही का. करायचं की. कॉर्निया पातळ असेल तर फ्लॅप न काढता वरूनच करायची पीआरके आहे, काहींना डोळ्यात बसवायची आयसीएल लेन्स चालते, त्यात कॉर्निया घासावाच लागत नाही, पण त्याची मापं वेगळी आणि खर्चही मोठा. स्माईल, काँटूरा, लेझरच्या पद्धतींचं रोज नवीन नाव येतं, स्माईलसारखं बिनाफ्लॅपचं केलं म्हणजे तपासणी नको असं मात्र नाही, स्माईलनंतरही एक्टेशिया झाल्याचं नोंदलेलं आहे. आणि काहींना सरळ नाही. मला माहीत असलेले चांगले सर्जन रोज कुणाला ना कुणाला नाही म्हणून परत पाठवतात आणि त्यात त्यांचं दिवसाचं उत्पन्न जातं, तपासणी मोफत म्हटल्यावर त्या तासाचेही पैसे नाहीत. मला वाटतं गोम इथेच आहे. जिथे होकार आला तरच पैसे मिळणार तिथे नकार द्यायला फार मोठं मन लागतं. त्यापेक्षा तपासणीची रीतसर फी घ्या, हजार घ्या, दोन हजार घ्या, आणि उत्तर हो आलं तरी नाही आलं तरी सगळे कागद पेशंटच्या हातात द्या, म्हणजे तो दुसरीकडेही दाखवू शकेल. तसंही मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटने रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यावं लागतं, हे लोकांना माहीत नाही म्हणून मागत नाहीत. त्याच नियमांत डॉक्टरने जाहिरात करून पेशंट ओढू नयेत असंही आहे, पण त्याबद्दल मी जास्त बोलत नाही, पेपर तुमचा आहे.

ऑपरेशन झालं तरी ती फाइल टाकू नका एवढं वाचकांना सांगतो. पुढे साठीत मोतीबिंदू होणार तेव्हा आत कुठल्या नंबरची लेन्स बसवायची हे काढताना लेझर झालेल्या डोळ्याचा हिशोब चुकतो, जुने आकडे असले तर बरीच मदत होते. काचबिंदूसाठी प्रेशर मोजतात तेही लेझर झालेल्या डोळ्यात खऱ्यापेक्षा कमी दाखवतं, तेव्हा तिथेही आधी सांगा.

तुम्हाला एकच विनंती. जाहिराती बंद करा असं म्हणत नाही, पेपर चालवायचाय हे समजतं. पण पुढच्या वेळी अशी अर्ध्या पानाची जाहिरात आली की तुमच्या जाहिरात विभागाला एवढं विचारायला सांगा की तुम्ही कॉर्नियाच्या नकाशाची प्रिंट पेशंटला देता का आणि तपासणी व ऑपरेशन यांच्यात किती दिवस ठेवता, आणि जे उत्तर येईल ते ईएमआयच्या ओळीखाली त्याच टायपात छापा.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक ऑप्टोमेट्रिस्ट, सांगली